चाखून न पाहिलेली आमटी

“पण बुवा, माणूस तयार करायचा म्हणजे नेमकं करायचं तरी काय?”

दिगंबररावांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. निवृत्तीबुवा मठाच्या ओसरीवर पत्रावळ टाचत बसले होते. पळसाचं एक पान, त्यावर दुसरं, मध्ये काडी. त्यांनी मान वर केली नाही.

“तुम्ही काय काय करून पाहिलंत?”

“काय करायचं ठेवलंय? शिबिरं घेतली, बाहेरून वक्ते आणले, दरवर्षी सगळ्यांना चार दिवस प्रशिक्षणाला धाडलं. चाळीस माणसं आहेत माझ्या संस्थेत. पण माझ्या जागी बसवावा असा एक नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडी ऐटही होती.

दिगंबरराव लोंढ्यांनी पाइपांच्या कारखान्यातून मिळवलेलं सगळं लोकांसाठी लावलं होतं. अकरा बालवाड्या, एक फिरता दवाखाना, वर्षाला सहा नेत्रशिबिरं. बालवाडीच्या भिंतीच्या रंगापासून खिचडीतल्या मोहरीपर्यंत त्यांच्या नजरेखालून गेली नाही अशी गोष्ट नव्हती. त्यांच्या संस्थेत त्यांना विचारल्याशिवाय पानही हलत नाही, असं तालुक्यात म्हणत. लोक ते कोणत्या सुरात म्हणत, याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं.

आता छातीचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढे सहा महिने घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा महिने कुणी सांभाळलं नाही, तर उभं केलेलं सगळं बसणार होतं. आणि ज्यांच्यावर थोडीफार भिस्त होती, त्या शैलजा ओतारींनी चौदा वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला होता.

तो कागद त्यांनी खिशातून काढून बुवांपुढे धरला. त्यात एकच ओळ होती.

‘साहेब, अलीकडे मला माझं असं काही सुचतच नाही, म्हणून थांबते.’

बुवांनी वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून परत दिला.

“जेवून जा,” ते म्हणाले.

…

मठात रोज दोनशे पानं उठत. स्वयंपाक कोंडूबाईंच्या हाती. बुवा पत्रावळी घेऊन दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. दिगंबररावांना थांबणं ठाऊक नव्हतं. ते सरळ चुलीपाशी गेले.

कोंडूबाईंनी आमटीत मुठीमुठीने मीठ टाकलं, ढवळलं, झाकण ठेवलं.

“चमचा द्या जरा,” दिगंबररावांनी हात पुढे केला. “चव बघतो.”

कोंडूबाई चक्क पातेल्याच्या पुढेच उभ्या राहिल्या.

“नैवेद्य व्हायचाय अजून, साहेब. त्याच्या आधी कुणी चाखायचं न्हाई.”

“तुम्हीसुद्धा नाही?”

“म्या बी न्हाई.”

“मग मीठ बरोबर पडलं, हे कळतं कसं?”

“टाकून टाकून,” कोंडूबाई म्हणाल्या आणि भाकरीकडे वळल्या.

दिगंबररावांनी बुवांकडे पाहिलं. बुवा उंबऱ्याबाहेरच होते.

“तुम्ही आत येत नाही?”

“चूल कोंडूबाईंच्या हाती दिली, त्याला बारा वर्षं झाली… तेव्हापासून नाही.”

…

पंगत बसली. दिगंबररावांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला.

आमटी अळणी होती.

त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं. कुणी पानातलं मीठ आमटीत कालवून घेत होतं, कुणी तशीच ओरपत होतं. बुवा शांतपणे जेवत होते. दिगंबररावांना मात्र बसवेना. आजवर दिसलेली चूक त्यांनी जागच्या जागी दाखवली नाही, असं कधी झालंच नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.

बुवांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बसा.”

“अळणी आहे, बुवा.”

“आहे.”

“सांगायला नको?”

“जेवा.”

ते जेवले. घास घशाखाली उतरत होता, पण ओठांवर आलेलं वाक्य उतरत नव्हतं.

शेवटी वाढणारी मंडळी बसली. कोंडूबाईंनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, घास तोंडात घातला… आणि चावायच्या थांबल्या. त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा पान उचलायच्या तयारीत होते.

त्या उठल्या, आत गेल्या. पोत्यातलं मीठ मुठीत घेऊन उजेडात आल्या, मूठ उघडली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“खड्याचं हाय गं ह्ये,” त्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला म्हणाल्या. “मुठीत बसतंच कमी. उद्यापासनं मुठीला दीड मूठ.”

एवढं बोलून, जिंकल्यासारख्या तोंडाने त्या पुन्हा जेवायला बसल्या.

दिगंबरराव बघतच राहिले. आपण उठलो असतो, तर ‘मीठ वाढवा’ म्हणालो असतो. त्यांनी वाढवलं असतं… आणि उद्या पुन्हा विचारायला आल्या असत्या. मनात आलेला हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही.

…

ओसरीवर बुवा पुन्हा पत्रावळीला लागले.

“मिठाचं पोतं बदललंय, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“सकाळी मीच फोडलं.”

“तरी बोलला नाहीत?”

“जिभेवर आलं होतं.”

“मग?”

“गिळलं.”

दिगंबररावांचा फोन वाजला. शैलजाबाई होत्या. महिनाअखेरपर्यंत कामावर होत्या, म्हणून विचारत होत्या: वरच्या वाडीच्या लोकांसाठी नेत्रशिबिर कधी ठेवायचं? नेहमीसारखं रविवारी?

‘रविवारी’ हा शब्द दिगंबररावांच्या तोंडात तयारच होता. गेली चौदा वर्षं तो तयारच असे.

“…तुम्हाला काय वाटतं?”

पलीकडून घाईघाईने प्रश्न आला.

“साहेब, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“बरं वाटतंय. तुम्ही सांगा.”

“मला…” शैलजाबाई अडखळल्या. “मला वाटतं, गुरुवारी ठेवावं. त्या दिवशी बाजाराला सगळे खालीच उतरतात. म्हाताऱ्यांना वेगळा हेलपाटा नको.”

गुरुवार. बाजाराच्या गर्दीत शिबिर. कोण थांबणार, कोण डोळ्यात औषध घालून घेणार… दिगंबररावांना पाच अडचणी एका दमात सांगता आल्या असत्या. त्यांनी त्या जिभेवरच अडवल्या.

“ठेवा गुरुवारी.”

“ठेवते.” शैलजाबाईंचा आवाज मोकळा झाला होता. तो इतका मोकळा कधी ऐकला होता, ते त्यांना आठवेना. “आणि साहेब, ते माझं पत्र… आपण भेटल्यावर बोलू.”

फोन ठेवला तेव्हा दिगंबररावांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी, हसू. ते ओसरीच्या खांबाला टेकले. पाच अडचणी अजून तोंडात घोळत होत्या.

बुवांनी काडी टोचली आणि वर न बघता विचारलं, “अळणी लागलं?”

“लागलं, बुवा.”

“लागू द्या. पंगत उपाशी उठत नाही.”