चौकटची राणी आणि बैलबाजाराचं मैदान

ब्रिज नावाचा पत्त्यांचा खेळ ही गोष्ट सांगणाऱ्याइतका उभ्या जिल्ह्यात कुणाला कळत नाही! म्हणजे चौघं बसतात, एकाची पानं टेबलावर उघडी पडतात आणि उरलेले तिघं एकमेकांवर डोळे वटारतात, इतकं अगदी पक्कं ठाऊक आहे. पुढचं ठकूबाईनं निस्तरलं म्हणून बरं.

झालं असं की कोळंबगडचे राजेसाहेब तेरापैकी बारा हात करण्याची बोली बोलून बसले. साहेबी भाषेत याला स्लॅम म्हणतात. आठ हात झपाझप झाले आणि गाडं अडलं. चौकटची राणी कुणाकडे? डावीकडच्या दिवाणांकडे, की उजवीकडच्या डॉक्टरांकडे? अंदाज बरोबर आला तर राणी पकडता येते, चुकला तर डाव बुडतो.

एरवी बुडाला असता तर कुणाचं काय जात होतं! पण दिवाणांना टेनिससाठी जागा हवी होती, आणि गावात सपाट जागा एकच, बैलबाजाराचं मैदान. बोलीच्या तोऱ्यात राजेसाहेब म्हणून गेले होते, "स्लॅम झाला नाही तर मैदान तुमचं, दिवाण!" आता शब्द गिळतात कसा?

खबर बाजारात पोचली. सगळे हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी, डोक्याला हात लावून बसले. उठली ती एकटी ठकूबाई. साठी उलटलेली हेडीण. बैलाचे दात बघून वय सांगायची आणि माणसाचे दात बघून अक्कल. ती तडक राजवाड्यात शिरली.

तिथं राजेसाहेब पानं छातीशी धरून बसले होते. त्यांचे भिडू, म्हणजे सख्खे मेहुणे, आपली पानं टेबलावर उघडी टाकून घोरत होते. जेवणाची वर्दी आल्या पावली परत गेली होती.

"दिवाण-डॉक्टरांची पानं न बघता राणी कुठंय ते कोण सांगतो?" राजेसाहेब गरजले. "सांगेल त्याला मागेल ते देईन! चुकेल त्यानं जन्मभर हत्तीखाना झाडायचा!"

राजज्योतिषांना एकाएकी पोटात कळ आली आणि ते दिसेनासे झाले. ठकूबाई पुढं झाली.

"तू कोण गं?"

"ठकू हेडीण, सरकार."

"ब्रिज येतो?"

"न्हाई. मेंढीकोट येतो. हुकूम कशाला म्हणत्यात, हात कशाला म्हणत्यात, येवढं कळतं."

दिवाण खो खो हसले. "विचारा हिलाच, सरकार! आमची हरकत नाही. फक्त आमच्या पानांत डोकवायचं नाही!"

"डोकावते कशाला! बैलानं कडबा किती खाल्ला ते काय पोट फाडून बघत्यात?"

ठकूबाई राजेसाहेबांच्या खुर्चीमागं गेली. राजेसाहेबांच्या हातात आणि मेहुण्यांच्या उघड्या पानांत सारखाच मामला. हुकमाचं एकेक पान, किलवरचं एकेक, चौकटची तीन तीन. चौकटचा एक्का आणि गुलाम राजेसाहेबांच्या हातात, राजा आणि दश्शी मेहुण्यांच्या पानांत. राणी तेवढी फरार!

"दिवाण-डॉक्टरांकडं हुकूम हायती?"

"संपले."

"आन् ह्यो किलवर?"

"त्याचा एक्का त्यांच्याकडे आहे. तो हात जाणारच. एक गेला तर चालतो. दुसरा गेला की मैदान गेलं!"

"मग सरकार, चौकट तुम्ही काढताच कशाला? त्यास्नी काढू द्या की!"

"ते का काढतील? उतारी माझी आहे, पहिलं पान मी टाकायचं!"

"अवो, बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. ज्याचं बोट आधी हललं त्यो बुडाला! जाणारा किलवरचा हात आत्ताच द्या त्यांच्या पदरात. मग उतारी त्यांची. चौकट टाकली, तर शेवटचं पान आपलं, राणी आपसूक दावणीला. दुसरं कायबी टाकलं, तर एकीकडनं हुकूम मारा आन् दुसरीकडनं चौकटचं बारकं पान फेका. मग राणी हवी कुणाला!"

राजेसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, पानांकडं बघितलं, आणि किलवर टाकला.

दिवाणांनी ऐटीत एक्का मारला, हात उचलला, आणि ऐट तिथंच गळाली. या पानावर बोट ठेवलं, त्या पानावर ठेवलं.

"चला की दिवाणसाहेब! टेनिसला उशीर हुतोय!"

दिवाणांनी डोळे मिटून चौकटची सत्ती टाकली. मेहुण्यांच्या ढिगातलं बारकं पान राजेसाहेबांनी पुढं केलं. डॉक्टरांकडून निघाली राणी! तिच्यावर राजेसाहेबांचा एक्का धाडकन पडला. उरलेले हात उचलायला वेळ तो किती? बारा!

"पण सरकार," दिवाण किंचाळले, "राणी कुठंय ते हिनं सांगितलंच नाही! अट ती होती!"

"सांगायचं कशाला? आली की सोताच्या पायानं चालत!"

राजेसाहेब असे हसले की मेहुणे दचकून जागे झाले आणि विचारू लागले, "माझी उतारी का?"

"मैदान बाजाराचं, कायमचं!" राजेसाहेब म्हणाले. "आता तुझ्यासाठी माग, ठकूबाई!"

ठकूबाई गप्प.

"बरं, खिलारी बैलांची जोडी!"

ठकूबाईनं छताकडं बघितलं.

"जोडी आणि नवी छकडागाडी!"

ठकूबाईनं कनवटीची सुपारी काढून तोंडात टाकली.

"वर मैदानात जनावरांसाठी दगडी हौद बांधून देतो! अगं, आता तरी..." राजेसाहेब मधेच थांबले. तिच्या मिटलेल्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले आणि मग पोट धरधरून हसायला लागले. "म्हातारे! माझंच बोट हलवतेस होय गं?"

"हलू द्या की, सरकार! हौदात अजून पाणी सोडायचं राहिलंय!"