चाळीस चित्रांतली पाठमोरी

चित्रकार हुपरीकर गेले आणि वर्षभरात कोल्हापुरात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. चाळीस चित्रं, आणि प्रत्येकात तीच पाठमोरी बाई, मान किंचित उजवीकडे वळलेली.

उद्घाटनाला आलेले समीक्षक टिळेकर हुपरीकरांच्या पत्नी कुमुदिनीबाईंच्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं, बाई बोलल्याच नाहीत. हिला काय कळणार, असं ठरवून ते माईकपाशी गेले.

"हुपरीकरांनी समोर कधीच कुणाला बसवलं नाही. ही बाई निव्वळ कल्पना! ती वळलेली मान म्हणजे आधुनिक माणसाचं तुटलेपण!"

टाळ्या थांबल्यावर कुमुदिनीबाई उठल्या.

"साहेब, माझा डावा कान लहानपणीच गेला. आमची खोली एकच. हे मागे चित्र काढत बसायचे, मी पुढे शेगडीपाशी. हाक मारली तर ऐकू यावी म्हणून उजवा कान त्यांच्याकडे ठेवायचे."

टिळेकरांना आपले दोन प्रश्न आठवले. तरी ते ताठ्यातच म्हणाले, "मग एकाही चित्रात तुमचा चेहरा कसा नाही?"

"एकदा जरी हाक मारली असती, तर वळले असते की."