उशिरा पडणारा ठोका

एकदा एका यंत्रमागांच्या गावी एक निवृत्त जॉबर राहत असे. बिघडलेला माग दुरुस्त करणाऱ्याला त्या भागात जॉबर म्हणतात. पंचेचाळीस वर्षे त्याने लोकांचे माग चालते ठेवले आणि म्हातारपणी त्याला एक अजब नाद लागला. तो इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकू लागला. त्यात गायक नाही, पेटी नाही, तबला नाही. यंत्रातून निघालेले सूर आणि यंत्राचाच ठेका. समवयस्कांच्या मते म्हाताऱ्याची बुद्धी फिरली होती. तो म्हणे, "जन्मभर यंत्राचं रडगाणं ऐकलं. आता त्याचं गाणं ऐकतोय. तुमचं काय जातंय?" सारे गाव त्याला अण्णा म्हणत असे.

दर रविवारी सकाळी अण्णांच्या शेडमध्ये बैठक भरे. शेडमधले माग कधीच विकले गेले होते. उरले होते दोन लाकडी बाक, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन दांडगे स्पीकर. बैठकीचा नियम साधा होता. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक ट्रॅक आणायचा, तो इतर शंभरांहून वेगळा का वाटतो ते सांगायचे आणि मग वाजवायचा. वाजत असताना कोणी बोलायचे नाही. चहा सगळ्यांत शेवटी. रक्ततपासणीच्या लॅबमधली तरन्नुम यायची, सूत-गोदामातला भरमू यायचा आणि न चुकता यायचा श्रीशैल.

श्रीशैल हा अण्णांचा शिष्य. शिष्य म्हणजे पायाशी बसणारा नव्हे. कानात सदैव इअरफोन, बोलायला लागला की थांबणे नाही. पण ऐकायचे कसे हे तो अण्णांकडे शिकत होता आणि ते तो मोकळेपणाने कबूल करी. अलीकडे त्याला पुण्याच्या एका संस्थेत ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. आई आनंदली होती. अडले होते ते वडिलांपाशी. ते नाही म्हणाले नव्हते, हो तर म्हणालेच नव्हते.

वडील, ज्यांना तो आप्पा म्हणे, तीस वर्षे माग चालवत होते. एका वेळी आठ माग. त्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेले होते. मुलाचे प्रवेशपत्र वाचून ते एवढेच म्हणाले होते, "तुला या खडखडाटातनं बाहेर काढायला शिकवलं. आता तू शिकून परत खडखडाटच करणार व्हय?" त्यानंतर त्या विषयावर घरात शब्द निघाला नाही.

त्यांच्या परवानगीवाचून श्रीशैल गेला असता तर त्यांनी अडवले नसते. पण तसे जाणे त्याला नको होते. आपल्याला यात काय दिसते ते वडिलांना एकदा तरी कळावे, मग खुशाल नाही म्हणोत, असे त्याला वाटे. म्हणून त्याने निवडून निवडून सहा ट्रॅक त्यांना ऐकवले. प्रत्येक वेळी आधी माहिती सांगितली, कौतुक केले, मग वाजवला. प्रत्येक वेळी दुसऱ्या मिनिटाला वडील उठले. एकदा पाणी आले का बघायला, एकदा चप्पल शोधायला, आणि पुढे पुढे तर कारणसुद्धा न सांगता.

"पालथ्या घड्यावर पाणी आहे, अण्णा," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "कुठला ट्रॅक लावू तेवढं सांगा. शेवटचा प्रयत्न."

अण्णा म्हणाले, "रविवारी आण. लोकांच्या आवडीचा नको. तुझ्या जिवाचा, एकच."

रविवारी श्रीशैल तयारीनिशी आला. उभा राहून त्याने सुरुवात केली. हा ट्रॅक कोणत्या देशातला, करणाऱ्याचे वय काय, कोणत्या सॉफ्टवेअरवर केला, मिनिटाला ठोके किती, किती लाख लोकांनी ऐकला, खर्जाचा थर छातीत कसा घुसतो, मधली लाट कशी चढत जाते. नमनालाच घडाभर तेल म्हणतात तसा प्रकार. भरमूने दोनदा घड्याळ पाहिले. तरन्नुम सभ्य असल्यामुळे मान हलवत राहिली. अण्णा मात्र डोळे मिटून बसले होते.

अखेर ट्रॅक सुरू झाला. आधी नुसता ठोका, मग त्यावर एक पातळ सूर, मग खाली खर्ज. श्रीशैलने डोळे मिटले. तिसरे मिनिट लागले आणि त्याचा उजवा हात नकळत वर उचलला गेला.

त्याच क्षणी अण्णा उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी शेडचा मेन स्विच खाली ओढला.

स्पीकर गप्प झाले, पंखा मंदावला. वाजत असताना कोणी बोलायचे नाही हा नियम ज्याने घातला, त्यानेच वाजणे मोडले. भरमूच्या तोंडाचा आ तसाच राहिला. श्रीशैलला भरून आले, रागही आला. ज्याला आपण गुरू मानले त्यालाही आपली आवड दुसऱ्या मिनिटापलीकडे सोसत नाही, असे त्याला वाटले.

"अण्णा! आत्ताच तर येणार होतं!"

"काय येणार होतं?" अण्णांनी शांतपणे विचारले.

"तो ठोका! तिसऱ्या मिनिटापासून दर आठव्या फेरीला एक ठोका उशिरा पडतो. क्षणभर सगळं अधांतरी राहतं. आता पडतोय की नाही असं होतं, आणि मग पडतो. तिथंच तुम्ही..."

"मग हे मघाशी का नाही सांगितलंस?"

श्रीशैलने स्पीकरकडे पाहिले. मग ओशाळून म्हणाला, "लहान गोष्ट वाटली, अण्णा. बाकीचं मोठं होतं."

"तो ठोका ऐकला की काय होतं तुला?"

तरन्नुम आणि भरमू दोघेही आता सरसावून बसले होते. श्रीशैल आठवून आठवून म्हणाला, "लहानपणी आई मला मागांजवळ झोळीत झोपवायची. आवाजात मी गाढ झोपायचो. एखादा माग थांबला की जागा व्हायचो, आणि आप्पा तो परत सुरू करेपर्यंत श्वास धरून पडून राहायचो. त्या ठोक्याला मला तसंच होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मलाच आत्ता कळतंय."

अण्णा त्याच्या शेजारी येऊन बसले.

"बाळ, चालू मागाचा आवाज शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नाही. माग थांबला की तो ऐकू येतो. मी नव्या जॉबरला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. कुठला माग बरा आहे, कुठला बिघडलाय हे ओळखायचं असेल तर एकेक थांबव आणि काय गेलं ते बघ. आवडीचंही तसंच असतं. वाजत असताना तुला सगळंच आवडतं. म्हणून सगळ्याचंच वर्णन करत बसतोस, आणि ते तर कुठल्याही पाटीवर लिहिलेलं सापडतं. थांबवल्यावर ज्याच्यासाठी जीव तळमळला, तेवढंच तुझं. दुसऱ्याला द्यायचं तर ते दे. बापापुढं तू दर वेळी वरात काढलीस. वरात निघाली की माणूस वाट देतो आणि बाजूला होतो. त्याला फक्त एक जागा दाखव. आणि तीही तू सांगू नकोस, त्याची त्याला सापडू दे."

एवढे बोलून त्यांनी स्विच वर केला. ट्रॅक पहिल्यापासून पुन्हा लावला गेला. या वेळी त्या आठव्या फेरीला चौघांचेही श्वास थांबले आणि ठोका पडल्यावर भरमू एकदम हसला. मघाचे एवढे लांब भाषण ऐकून त्याला जे मिळाले नव्हते, ते आता मिळाले होते.

आपणही आवडलेली गोष्ट दुसऱ्यापुढे ठेवताना आधी तिच्यावर कौतुकाची चादर घालतो, आणि मग म्हणतो, समोरच्याला रसच नाही. मी स्वतः हा अपराध पुष्कळदा केला आहे, म्हणून श्रीशैलला हसण्याचा मला अधिकार नाही.

वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी, जेवणे झाल्यावर, श्रीशैलने छोटा स्पीकर त्यांच्यासमोर ठेवला. वडिलांनी सवयीने चपलांकडे पाहिले.

"आप्पा, काही सांगत नाही आज. यात एक जागा मला फार आवडते. तुम्हाला सापडते का बघा."

"मला काय सापडणार रं? अर्धं ऐकूच येत नाही."

"बघा तरी."

ट्रॅक सुरू झाला. वडील थोडे ऐकल्यासारखे करून थांबले, मग त्यांनी हात पुढे केला आणि तळवा स्पीकरवर ठेवला, जसा ते चालू मागाच्या चौकटीवर ठेवत आले होते. दुसरे मिनिट गेले. ते उठले नाहीत. श्रीशैलला बोलण्याचा मोह अनावर होत होता. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. तिसऱ्या मिनिटाला वडिलांच्या कपाळावर आठी पडली. आणखी एक आवर्तन त्यांनी जाऊ दिले. मग त्यांचे बोट वर झाले, नेमके त्या ठोक्याच्या आधी, आणि ठोका पडताच खाली आले.

"हितं," ते म्हणाले. "मागाचा पट्टा सैल पडल्यावानी करतंय. दर आठाला."

श्रीशैलने होकारार्थी मान हलवली.

"चुकलंय व्हय त्याचं?"

"नाही, आप्पा. मुद्दाम ठेवलंय."

वडिलांनी तळवा उचलला नाही. पुढचे आठ आले, ठोका लांबला, पडला. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी हळूहळू गेली.

"तीस वर्षं असला ठोका लागला की मी जॉबरला हाक मारत धावलो," ते म्हणाले. "कुणी तो असा जपून ठेवत असंल असं वाटलं नव्हतं." मग त्यांनी विचारले, "आणि तुला हीच जागा आवडती?"

"हीच."

"झोळीत असताना माग थांबला की तू डोळे उघडून माझ्याकडं बघत राहायचास," वडील म्हणाले. "रडायचा न्हाईस. नुसता बघायचास."

हे त्यांना ठाऊक आहे, हे श्रीशैलला ठाऊक नव्हते. त्याचे डोळे भरले आणि त्याने ते लपवले नाहीत.

ट्रॅक संपला. वडील म्हणाले, "परत लाव." तो दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी स्पीकरवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि विचारले, "पुण्याला कधी निघायचंय तुला?"

श्रीशैलने तारीख सांगितली.