शिकलेलंच काम

माझ्या शब्दापुढे घरात कोणी जात नाही, असं मी स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना सांगितलं आणि त्यांच्यासमोरच अमेरिकेत शिकणाऱ्या नातीला, शलाकाला, स्पीकरवर फोन लावला.

"पदवी झाली ना? आता परत ये. तुझं लग्न ठरवतोय."

"आबा, मला इथं वर्षभर नोकरी करायची परवानगी मिळालीय. अट एकच, ज्यात शिक्षण झालं तेच काम करायचं."

"अट चोख आहे," मी पाहुण्यांकडे बघत म्हणालो. "न शिकलेल्या कामात माणसानं हात घालूच नये."

"मग लग्न ठरवायचं तुम्ही कुठं शिकलात, आबा?"

मी चौथी नापास. पाहुण्यांनी मुलाची पत्रिका गुपचूप खिशात घातली.

"कर नोकरी," मी म्हणालो, तेही हळू आवाजात.