मऊ लोखंडाची पाचर

फार फार पूर्वी, राजेराण्यांची नावं कुणी लिहून ठेवत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि ऐकत नाही असं दाखवणाऱ्या मोठ्यांनीही ऐकावी.

एका कड्यावर लोहारांचं गाव होतं. त्यांच्या तलवारींना साऱ्या मुलुखात तोड नव्हती, आणि हे ते पाहुण्याला पाणी देण्याआधीच सांगत. पाणी मात्र जपून देत, कारण गाव वर होतं आणि नदी खाली.

या गावाची एक रीत होती. वेशीच्या दगडावर प्रत्येक घराण्याची खूण कोरलेली असे, आणि घरात घडलेल्या प्रत्येक वस्तूवर तीच खूण उठवलेली असे. वस्तू मोडली, की वेशीवरची खूण छिन्नीने पुसली जाई. मग त्या भट्टीला कुणी काम देत नसे. त्यामुळे गावात सगळंच टणक होतं. तलवारी टणक, कढया टणक, आणि माणसंही काही फार मऊ नव्हती.

एकदा राणीने ठरवलं, नदीचं पाणी गावात चढवायचं. नदीत मोठं चाक, चाकाने फिरणारा लांब लोखंडी आस, आणि आसाने फिरणारा रहाट. रहाटाचे पोहरे पाणी घेऊन थेट कड्यावर येणार होते.

आस घडवला गावच्या थोरल्या लोहाराने. चाक बाकीच्या घराण्यांनी मिळून केलं. चाक आसावर चढवलं, नदीचं पाणी सोडलं. चाक गरगर फिरलं आणि आस ढिम्म! हंडे घेऊन आलेल्या बायका हसत हसत परत गेल्या.

दोघांना एकत्र बांधायला काहीतरी हवं होतं. आसात एक खाच, चाकाच्या भोकात तिच्यासमोर दुसरी खाच, आणि दोन्हींत अर्धी अर्धी बसणारी एक पाचर. एवढ्याशा कामात कुणाला मोठेपणा दिसेना. म्हणून ते एका लोहारणीकडे गेलं.

ही लोहारीण बापाच्या मागे एकटीने भट्टी चालवत होती. आपल्या कामाचा तिला गर्व होता, आणि माझं विचाराल तर तो असायलाच हवा होता. रहाटाला रोज किती जोर लागतो, ते तिने पाहिलं. आस किती जोर सोसेल, तेही पाहिलं. नमुन्याच्या पाचरी करून करून तोडल्या. मग मऊ लोखंडाची एक पाचर घडवली आणि तिच्यावर बापाची खूण उठवली.

थोरल्या लोहाराने पाचरीवर कानस फिरवून पाहिली.

"अगं पोरी, ही तर मऊ आहे! तलवारीचं पोलाद घाल. मी देतो."

"नको काका. रोजचं ओझं ही हसत पेलेल. पण भलताच जोर आला, तर तुमच्या आसाला धक्का लागायच्या आधी हिनं तुटावं. तेवढीच जाड ठेवलीय मी."

"मोडायला वस्तू घडवतेस? आणि वर खूण उठवतेस?"

"माझी आहे, म्हणूनच उठवते."

चाक फिरलं, आस फिरला, पाणी कड्यावर चढलं. लोकांनी चाकाचं कौतुक केलं, आसाची तर आरतीच ओवाळली. पाचरीकडे कुणी पाहिलं नाही.

मग पुराच्या दिवसांत कड्याचा एक दगड सुटला आणि रहाटात अडकला. रहाट थांबला, आस थांबला. नदी मात्र चाकाला रेटतच होती. कट्‌कन आवाज झाला, पाचर तुटली आणि चाक मोकळं फिरू लागलं.

लोहारीण पदराला नवी पाचर बांधूनच आली. दगड निघाला, पाचर बसली, दिवेलागणीआधी पाणी सुरूही झालं. पण गावाला दिसली ती फक्त मोडलेली पाचर. रीत ती रीत! थोरल्याने स्वतः छिन्नी उचलली आणि तिच्या बापाची खूण वेशीवरून पुसून टाकली.

लोहारीण रडली. का रडू नये? पण मान तिने खाली घातली नाही.

"काका, खूण पुसलीत. पाचर तेवढी बदलू नका."

गावाने ती बदललीच. तलवारीच्या पोलादाची, आरशासारखी चकचकीत पाचर बसवली.

पुढच्या पुरात पुन्हा दगड अडकला. पोलादी पाचर तसूभर हलली नाही. रहाट हलेना, पाचर सोडेना, आणि नदीचा सगळा जोर आसावर आला. ओलं धोतर पिळावं तसा आस पिळला गेला आणि मोडला. चाक निखळून नदीत गेलं. गावाच्या डोक्यावर पुन्हा हंडे आले.

दुसऱ्या दिवशी थोरला लोहार छिन्नी घेऊन वेशीवर गेला, स्वतःच्या घराण्याची खूण पुसायला. रीत त्यालाही होती. लोहारणीने त्याचा हात धरला.

"तुमचा आस चांगला होता, काका. त्याच्यासाठी तुटणारं कुणी ठेवलं नाही, एवढंच चुकलं. तुम्ही नवा आस घडवा, पाचर मी करते."

"तिच्यावर खूण कुठली उठवशील? तुझी तर मी पुसली."

"दगडावरची पुसलीत. भट्टी माझी पेटलेलीच आहे."

थोरल्याचे डोळे भरून आले. त्याने तिथेच, साऱ्या गावादेखत, त्याच छिन्नीने तिच्या बापाची खूण पुन्हा कोरली. पूर्वीपेक्षा खोल कोरली.

तेव्हापासून त्या गावात एखादी वस्तू मोडली, तर छिन्नी उचलण्याआधी लोक विचारू लागले, "काय वाचवून मोडली?"

तात्पर्य: जे वेळेवर मोडून सगळ्यांना वाचवतं, त्याला कधी कमजोर म्हणू नये.