हैबतरावांच्या टायरात हवा किती?

अख्ख्या धोंडगड संस्थानात हवेतलं माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस नव्हता! म्हणजे संस्थानात पंपच एक होता आणि तो माझ्या खांद्यावर असायचा. राजांच्या काळी जाड टायरच्या डोंगरी सायकली कुठल्या, असं कुणी शिकलेला विचारील. खुशाल विचारावं. मी तिसरीतच शाळा सोडली, मला उत्तर येत नाही.

तर भानगड अशी झाली. आमचे राजे हैबतराव रोज सकाळी गडावरून खडकवाटेनं सायकल हाणत नदीवर उतरायचे. वाट कसली, नुसते गोटे! सोमवारी मी टायर असे टम्म फुगवले की अंगठा रुतेना. पहिल्याच धोंड्यावर सायकल बेडकासारखी उडाली आणि राजे निवडुंगात! मंगळवारी मी घाबरून हवा कमी ठेवली. टायर पार दबला, चाकाची रिंग दगडावर आपटली, मधल्या मधे ट्यूब चिमटली आणि फुस्स! राजांना सायकल ढकलत गड चढावा लागला. ढकलायला मीही होतो, पण मी राजांना ढकलत होतो.

दरबारात राजे गरजले, "गेनू! टणक हवा भरलीस, तिनं मला फेकलं. मऊ भरलीस, ट्यूब फाटली. उद्या मला टणकही पाहिजे आणि मऊही पाहिजे! त्याच टायरात, त्याच हवेत!"

"महाराज, असं कसं..."

"जमलं तर बक्षीस! नाही जमलं तर पंप जमा कर. मग जन्मभर माझी सायकल डोक्यावर घेऊन गड चढायचास!"

मी मान चोळत घराकडे निघालो. वाटेत हौसा भेटली. धर्मा शेतकऱ्याची पोर. सायकलला दुधाच्या किटल्या बांधून ती रोज त्याच खडकवाटेनं उतरायची, पण थेंब सांडत नसे. पंप माझाच न्यायची, त्यामुळे ही कमाल पंपाची, म्हणजे माझीच, असं मी गावभर सांगत असे.

"काय गेनूकाका, तोंड का असं पडलंय?"

मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "हवा बघता कधी तुम्ही?"

"कधी म्हणजे? सायकल भिंतीला टेकवून, अंगठा दाबून."

"रिकाम्या सायकलची? अहो, मी किटल्या बांधल्यावर बघते! सगळं बसणाऱ्याच्या वजनावर..."

मी तिच्या तोंडावर हातच ठेवला! मागल्या वाढदिवसाला राजांची गूळतुला झाली होती. संस्थानातला गूळ संपला, तरी राजांचं पारडं जागचं हललं नाही. त्या दिवसापासून 'वजन' हा शब्द बंद! वाणीसुद्धा 'शेरभर जडपणाची साखर' म्हणायला लागला होता. अशा राजाला मी काय विचारणार? अंगठा दाबून झाला की मी रोज स्वतःच चक्कर मारून हवा पास करायचो, आणि माझं अंग म्हणजे नुसती वाळलेली शेवग्याची शेंग!

"मग तो शब्द न काढता करू," हौसा म्हणाली. "तुम्हाला भरायची तेवढी भरा. पुढचं माझ्याकडे."

सकाळी मी पंप किंचाळेपर्यंत हवा भरली. दुसरं येतं काय मला? हौसानं मुजरा केला. "महाराज, आधी बसून घ्या. आपण बसल्याशिवाय हवेला हुकूम कळत नाही."

राजे बसले. शिपायांनी सायकल धरली. हौसा फरशीवर पालथी पडली, डोळा टायरला लावला आणि वॉल्व दाबला. फुस्... "आपला थोरपणा मागच्या चाकावर जास्त येतो, तिथली थोडीच काढते. पुढं थोरपणा कमी, तिथली जरा जास्त."

राजांनी मिशीवरून हात फिरवला. आपला थोरपणा मागं जास्त आहे, हे त्यांना पटलेलं दिसलं.

टायरचं पोट फरशीवर जरासं सुटलं, पण रिंग चांगली वर राहिली. हौसा उठली. "चला महाराज!"

राजे सुटले. काय सांगू! टायर गोट्यांना कवटाळत, सोडत, पुन्हा कवटाळत निघाले. उडणं नाही, चिमटणं नाही. मागं पळता पळता मी मात्र सपशेल तोंडावर आपटलो. नदीवर पोचतो तो राजे ताठ उभे, पागोट्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. हौसा, दिवाणजी आणि दरबारीही मागोमाग पोचले.

पण हट्टी माणूस! खाली वाकून त्यांनी टायरवर अंगठा दाबला. "टणकच आहे! मऊ कुठाय? अट मोडली!"

"मोडली, मोडली!" दिवाणजी ओरडले. माझी मान आपोआप आखडली.

"महाराज," हौसा म्हणाली, "परत बसा, आणि खाली बघा."

राजे बसले, वाकले. "अरेच्चा! मऊ झाला!"

"आता उतरा."

"टणक! पोरी, हे काय गौडबंगाल?"

"गौडबंगाल कसलं महाराज? आपण नसताना ताठ आणि आपण बसलात की नरम. आपल्या दरबाऱ्यांसारखीच हवा आहे!"

दिवाणजी नदीतले मासे बघायला लागले. आणि राजे असे हसले, असे हसले की सायकलची घंटी आपोआप वाजायला लागली!

"माग पोरी, काय पाहिजे ते!"

"नदीकाठचं कुरण द्या. आमच्या म्हशींना चारा पुरत नाही."

"दिलं! आणि या गेनूचा पंप त्याच्याकडेच राहू दे. पण माझ्या सायकलला हात लावायचा तो तुला विचारून!"

परतीच्या वाटेवर मी हौसाला गाठलं. "कुरण तुला, शाबासकी तुला! पण खरं सांग गं, हवा भरली होती कुणी? मीच ना?"

"तुम्हीच की काका!" ती म्हणाली. "तुम्ही एवढी भरलीत, म्हणून तर मला काढायला मिळाली!"