हत्तीचा रांजण

निंबखेड संस्थानात सत्तावीस खाती होती आणि प्रत्येक खात्याची वेगळी, मोहरबंद पेटी होती. रस्त्यांचा पैसा रस्त्यांच्या पेटीत, हत्तीचा हत्तीच्या. रस्ते होत नव्हते, हत्ती केव्हाच मेला होता, पण पेट्या तुडुंब भरलेल्या. या शिस्तीचा दिवाण रंगोपंतांना भारी अभिमान. पगाराची पेटी मात्र कायम रिकामी, म्हणून दरमहा ते सावकाराकडून व्याजाने कर्ज काढत. यंदा सावकाराने हात आखडला आणि पाणक्यांचा तीन महिन्यांचा पगार थकला.

पाणक्यांची मुकादम चिमाबाई महाराजांच्या दरबारात दाद मागायला आली.

"पगाराला पैसा नाही, बाई," रंगोपंत म्हणाले. "आधी मला पाणी आण. घसा सुकलाय."

"सावकाराकडून घागर उसनी मागवलीय, सरकार. परत करताना सव्वा घागर द्यायचीय."

"दारात सहा रांजण भरलेत, ते कशाला?"

"एक घोड्यांचा, एक बागेचा, एक त्या मेलेल्या हत्तीचा... पिण्याचा तेवढा रिकामा आहे."

रंगोपंत भडकले. "अक्कल आहे का? घरात पाणी असताना बाहेरून उसनं आणतेस? कुठल्याही रांजणातलं दे!"

चिमाबाई महाराजांकडे वळली. "ऐकलंत ना, महाराज? दिवाणजींचा हाच हुकूम पेट्यांनाही लावा."

महाराजांनी तिथल्या तिथे हत्तीची पेटी उघडायला लावली. सगळ्या पाणक्यांचा पगार देऊनही ती अर्धी उरली.

मग चिमाबाईने दिवाणांना पेला भरून दिला, हत्तीच्या रांजणातून.